पाच हॉर्सची हवा

आमच्या कोरीटमध्ये ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्याकडे गॅरेज नाही. त्यांच्या गाड्या निंबाखाली उभ्या असतात, कावळे त्यांच्यावर आपलं मत नोंदवून जातात आणि कुणाचं काही अडत नाही. गॅरेज आहे ते एकट्या भिला पाटलाकडे, आणि भिलाकडे गाडी नाही. सायकल आहे. ती बाहेर भिंतीला टेकून उन्हात तापत असते, कारण गॅरेज जावयाच्या गाडीचं आहे.

घरापुढच्या जागेत चार लोखंडी खांब, वर पत्रे, खाली गुळगुळीत कोबा आणि पुढे वर सरकणारं शटर, असा तो थाट. जावई वर्षातून दोनदा यायचा. एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि एकदा दिवाळीला. उरलेलं वर्षभर भिलाची बायको गजराबाई तिथं लाल मिरच्या आणि कुरडया वाळवायची. जावई येणार असला की ती मिरच्या उचलायची आणि भिला कोबा तीन वेळा धुवायचा, तरी आत शिरणाऱ्याला पहिली शिंक यायचीच. जावई शिंकला की भिलाचं काळीज हलायचं.

भिला आणि मी एका बाकावरचे. मी शिकून मास्तर झालो, पुढे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तो साखर कारखान्यात टाइमकीपर होता. एकतीस वर्षं फाटकावर बसून कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहीत राहिला. एकदा खुद्द चेअरमन अकरा मिनिटं उशिरा आले तर त्यांचीही अकरा मिनिटं त्यानं लिहिली होती. साहेब म्हणाले, खोड. भिला म्हणाला, घड्याळ खोडता येत नाही. असा हा माणूस. पण ममताचं लग्न झालं आणि त्याचा कणा कुठं गेला ते कळलं नाही. एकुलती एक लेक, आणि जावई ललितराव विसरवाडीचे, हायवेवर सिमेंट-लोखंडाचं दुकान, पांढरीशुभ्र गाडी. जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणून ठेवलंय. भिलानं उरलेले नऊ ग्रह वाऱ्यावर सोडले आणि या एकालाच शांत ठेवायचं व्रत घेतलं.

आता मागच्या आखाजीला काय घडलं ते सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

ललितराव आणि ममता आदल्या दिवशी आले. गाडी नुकतेच नवे पत्रे घातलेल्या गॅरेजमध्ये गेली. खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला, ममता तिच्या मैत्रिणींबरोबर निंबाच्या झोक्यावर बसून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायला म्हणून शटर वर केलं तर गाडीचं मागचं चाक जमिनीला टेकलेलं. पत्रे बसवताना पडलेला एक खिळा कोब्याच्या कडेला राहिला होता आणि तो बरोबर जावयाच्या टायरमध्ये शिरला होता. म्हणजे ज्या गॅरेजनं जावयाची इभ्रत राखायची, त्यानंच ती घेतली. भिलानं खिळा उपटला आणि कुणी पाहायच्या आत खिशात घातला. मी पाहिलं.

डिक्कीतली स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. सणाचा दुसरा दिवस, गावातलं एकुलतं एक पंक्चरचं दुकान बंद. शेवटी कुणाकडून तरी पायानं दाबायचा पंप आणला आणि गल्लीतली झाडून सगळी माणसं पाळीपाळीनं तो दाबायला लागली. ललितराव ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मोबाइल बघत होते. मध्येच मान वर करून म्हणाले, "मामा, एवढं मोठं गाव, आणि साधी हवा मिळत नाही?"

खरं तर वाक्य एवढंच. माझ्यासारख्यानं त्याला सुनावलं असतं की दुकानदारसाहेब, स्टेपनी तुमची, तिच्यातली हवा बघायची कुणी? पण भिला पुढे झाला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं काखेत धरली, गल्लीतल्या पंधरा-वीस माणसांसमोर दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "चुकनं, जवाईबुवा. मन्ही चूक शे. माफ करा."

ललितराव "असू द्या, असू द्या" म्हणाले आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेले. ममता दारात उभी होती. चाक भरलं तशी ती गाडीत जाऊन बसली. बापाकडे तिनं पाहिलं नाही. काच वर केली.

त्यानंतर ती आली नाही. राखी गेली, पोळा गेला, दिवाळी गेली. फोन केला की एकच उत्तर, "जमत नही, आप्पा." गजराबाईनं लेकीसाठी दिवाळीचा फराळ डब्यात भरून ठेवला आणि संक्रांतीला तो शेजारी वाटून टाकला. भिला माझ्याकडे येऊन बसायचा आणि तेच तेच बोलायचा, "गुरुजी, पोर येत नही. हवा नव्हती ना, जवाईले राग उना. म्हणीसन तो धाडत नही."

मी मान हलवायचो. मलाही तसंच वाटत होतं. एवढा शिकलेला माणूस मी, पण फोन लावून त्या पोरीला 'का ग येत नाहीस' असं विचारावं, हे मला सुचलं नाही. मला सुचलं ते वेगळंच. मी म्हणालो, "भिला, तू कंप्रेसर घे."

झालं. भिलाच्या डोळ्यांत उजेड पडला. घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचा हवेचा कंप्रेसर! येत्या आखाजीला जावई आला की बटण दाबायचं, चारी चाकं टम्म, आणि मागचं सगळं पुसलं जाईल. पोर येईल. आता प्रश्न एवढाच उरला की कंप्रेसर कोणता घ्यायचा, आणि कोरीटमध्ये प्रश्न उरला की सल्लागार उगवतात.

आठ दिवस भिलाच्या ओट्यावर सभा भरत होती. ज्यांनी आयुष्यात कंप्रेसर पाहिला तो फक्त पेट्रोल पंपावर, तेही मोटरसायकलवर बसल्या बसल्या, ते सगळे तज्ज्ञ झाले. टाकी किती लिटरची, हवा किती वेळात भरते, घरात वायर कुठली आहे, हे कुणी विचारेना. आमच्या भागात यंत्र एकाच मापानं मोजतात, विहिरीवरच्या मोटारीच्या मापानं. मोटार किती हॉर्सची? तीन हॉर्सवाला म्हणजे बरा माणूस, पाच हॉर्सवाला म्हणजे पाटील, साडेसातवाला आला की लोक सरकून जागा देतात. मुली देतानासुद्धा आधी विहिरीला पाणी किती ते विचारत नाहीत, मोटार कितीची ते विचारतात.

कुणीतरी भीतभीत म्हणालं की घरच्या कामाला दोन हॉर्स पुरे. त्याच्यावर सगळे तुटून पडले. "दोन हॉर्सवर ते रसवंती बी चालत नही!" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, भिलाच्या विहिरीवर पाचची मोटार आहे, मग जावयासाठी तिच्यापेक्षा लहान घेतली तर जावयाची किंमत पाण्यापेक्षा कमी झाली की नाही? हा हिशेब सगळ्यांना पटला. खोटं कशाला बोलू, मलाही पटला.

गजराबाई चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "सुई लागस तठे कुऱ्हाड काब आनी ऱ्हायनात? आणि घरमा लाइट कोनती शे ते देखं का कोनी?"

बाईमाणसाचा तांत्रिक प्रश्न. सभेनं तो ऐकला नाही.

होळीच्या आधी मी आणि भिला नंदुरबारला चांदमल शेठच्या दुकानी गेलो. चांदमल शेठची माणसं मूळची राजस्थानची, पण तीन पिढ्या इथं मोटारी आणि पाइप विकून त्यांची अहिराणी आमच्यापेक्षा ठसकेबाज झाली आहे. शेठ गादीवर, आणि दुकान सगळं नातू रिषभच्या हातात. रिषभ शिकलेला, चष्म्याचा, गिऱ्हाइकाला आधी प्रश्न विचारणारा. तिथंच त्याचं चुकतं.

"काका, गाडी कोणती आहे?" त्यानं विचारलं.

"गाडी नही शे," भिला म्हणाला.

"मग कशासाठी पाहिजे कंप्रेसर?"

"जवाई शे."

रिषभनं चष्मा काढून पुसला. मग मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "काका, गाडीच्या टायरला तेहतीस-पस्तीस पाउंड हवा लागते. हा बघा," आणि त्यानं कपाटातून जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र काढलं. "हा गाडीच्याच सॉकेटला लावायचा. पाच मिनिटांत काम होतं."

भिलानं त्या यंत्राकडे असं पाहिलं की जणू कुणी त्याच्या लेकीला सायकलवर बसवून सासरी धाडायला सांगितलं. "जवाईना समोर मी डबा ठेवू का?"

मग रिषभनं दुसरा दाखवला. दोन हॉर्स, पन्नास लिटरची टाकी, खाली दोन चाकं, ढकलत कुठंही नेता येणारा, घरच्या साध्या लाइटवर चालणारा. "हा तुम्हाला जन्मभर पुरेल, काका." आज सांगतो, तोच घ्यायचा होता. पण भिलाचे डोळे दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गेले होते. तिथं एक काळाकभिन्न बारा मण धोंडा उभा होता. म्हशीएवढी टाकी, वर दोन सिलिंडर, पट्ट्यावर फिरणारं भलंमोठं चाक.

"तो कितना शे?"

"पाच हॉर्स. पण तो ट्रकच्या टायरवाल्यांसाठी आहे, काका. विसरवाडीला हायवेवर आम्ही असे दिलेत."

विसरवाडीचं नाव काढलं आणि सौदा संपला. जावई विसरवाडीचा. रोज दुकानाबाहेर तो असले कंप्रेसर बघत असणार. "विसरवाडीना माणूसले कोरीटमा काही कमी दिसाले नको," भिला म्हणाला, आणि मी म्हणालो, "बरोबर."

तेवढ्यात गादीवरून चांदमल शेठनं हाक मारली. "पाटीलजी, चहा ल्या. आणि एक सांगा, घरमा सिंगल फेज शे का थ्री फेज?"

इथं थांबून वाचकाला सांगायला हवं की शेठनं सरळ प्रश्न विचारला होता. घरातल्या साध्या लाइटला एक फेज असते आणि पाच हॉर्सला तीन लागतात. पण भरलेल्या दुकानात, चार ओळखीच्या माणसांसमोर 'सिंगल का थ्री' असं विचारलं की आमच्याकडच्या शेतकऱ्याला ते फेजबद्दल वाटत नाही, खानदानाबद्दल वाटतं. भिला ताठ झाला. "थ्री! आम्ही काय सिंगलवाला दिसतस का?"

"घरमा ना?" शेठनं पुन्हा विचारलं.

"आमनाकडे थ्रीच शे," भिला म्हणाला. आणि ते खोटंही नव्हतं. मळ्यात विहिरीवर थ्री फेजच होती. शेठनं तिसऱ्यांदा काही विचारलं नाही. धंद्यात प्रामाणिकपणाला दोन वेळा पुरेशा असतात. किंमत मी इथं लिहीत नाही, गजराबाई ती रोज सांगते, कुणालाही विचारा.

होळीनंतर छोटा हत्ती टेम्पो दारात आला. कंप्रेसर उतरवायला सहा माणसं लागली आणि त्यातल्या एकाची कंबर अजून तक्रार करते. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, टाकीला झेंडूचा हार घातला. गॅरेजमध्ये तो असा बसला की आता गाडी आत शिरायला जागाच उरली नाही, पण हे त्या क्षणी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग रामसिंगला बोलावलं. रामसिंग गावातला वायरमन. गॅरेजचे पत्रे बसवायलाही तोच होता. त्यानं मोटारीवरची पाटी वाचली, घराचं मीटर पाहिलं, टेस्टर खिशात घातला.

"आप्पा, याले तीन फेज लागतस. घरमा एकच शे."

"मळामा ते शे ना!"

"मळामा शे," रामसिंग म्हणाला. "मंग जवाईले मळामा बठाडशात का?"

सगळे हसले. भिला हसला नाही. वीज कचेरीत अर्ज केला तर कळलं की घराला थ्री फेज मिळेल, पण एक खांब नवीन लागेल, आणि खांब आखाजी बघून येत नसतो. शेवटी नाकापेक्षा मोती जड झाला तर नाकच मोत्याकडे न्यायचं ठरलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून कंप्रेसर मळ्यातल्या विहिरीवरच्या खोलीत गेला. जावई आला की गाडी मळ्यात न्यायची, हवा भरायची, येताना पपई खाऊ घालायची. मीच ही कल्पना काढली. मला वाटलं, वा.

एक रंगीत तालीम घ्यावी असं ठरलं. मळ्यातली लाइट आठवड्याच्या पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि त्या आठवड्यात ती दिवसा होती. जावयाची भूमिका मला मिळाली. मी माझ्या मोटरसायकलवर बसलो, पुढच्या चाकातली थोडी हवा सोडली आणि बैलगाडीच्या वाटेनं मळ्यात गेलो. भिलानं तिथं खुर्ची टाकून ठेवली होती. "बठा, जवाईबुवा," तो मला म्हणाला. सवय व्हावी म्हणून.

स्टार्टरचं बटण दाबलं. तो आवाज! शेजारच्या वावरातला बैल दावं तोडून पळाला. पट्टा फिरला, टाकी भरली, भिलानं नळी माझ्या चाकाला लावली. चाक फुगलं. भिलाचा चेहरा फुलला. नळी काढली आणि दोघंही बघत राहिलो, कारण चाक हळूहळू पुन्हा खाली बसायला लागलं. वाकून पाहिलं तर टायरमध्ये बाभळीचे तीन काटे. ती वाट सगळी बाभळींच्या खालून जाते. म्हणजे हवा भरायला जाताना टायरला भोक पाडणारी वाट आम्ही जावयासाठी निवडली होती.

शहाण्या माणसानं तिथंच हात टेकले असते. भिला म्हणाला, "काटा येची टाकूत." आणि पुढचे आठ दिवस एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक निवृत्त टाइमकीपर खराटे घेऊन बैलगाडीची वाट झाडत होते. माझे जुने विद्यार्थी ट्रॅक्टरवरून जाताना थांबून विचारायचे, "गुरुजी, कोन येवाव शे?" मी म्हणायचो, जावई. कुणाचा ते सांगत नव्हतो.

भिलानं ममताला फोन केला. माझ्यासमोरच केला. "बेटा, कंप्रेसर लिधा शे. पाचना. विसरवाडीले शे तसाच. आते काही चिंता नही. आखाजीले या."  पलीकडून ती म्हणाली, "देखस, आप्पा." फोन ठेवल्यावर भिला मला म्हणाला, "नही नही म्हनी ती." नाही तरी म्हणाली नाही, एवढ्यावर तो माणूस आनंदात होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्याची कीव आली, आणि माझा स्वतःचा थोडा राग.

आखाजीच्या चार दिवस आधी रामसिंग सायकल लावून ओट्यावर टेकला. त्याला बोलायला जड जात होतं. "आप्पा, पाळी बदलनी. ह्या आठवडामा मळानी लाइट रातले शे. दिवसले नही."

म्हणजे कंप्रेसर मळ्यात, लाइट रात्री आणि जावई दिवसा. भिला उठला. आत जाऊन त्यानं मागच्या वर्षीचा तो पायपंप शोधून काढला. ज्याचा होता त्यानं परत मागितलाच नव्हता. त्यावरची घड्याळासारखी डायल त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पंप गॅरेजच्या खुंटीला टांगून ठेवला. पुन्हा टोपी काढायची, पुन्हा हात जोडायचे, हे त्यानं मनात धरलेलं मला दिसत होतं.

आखाजीच्या सकाळी गल्लीत बायकांची गाणी सुरू झाली होती, झोके चढत होते. मी भिलाच्या ओट्यावर होतो. लांबून गाडीचा आवाज येतो का म्हणून भिला दर दोन मिनिटांनी उठत होता. आवाज आला तो स्कूटीचा. कोपऱ्यावरून ममता वळली. डोक्याला ओढणी बांधलेली, पायाजवळ पिशवी, आणि मागं कुणी नाही. विसरवाडीहून सगळा रस्ता ती एकटी चालवत आली होती.

भिलानं धावत जाऊन शटर वर केलं. "जवाईबुवा मांगे शेत का?"

"नही, आप्पा. मी एकलीच उनू. त्या सकाळ येतीन." सकाळ म्हणजे उद्या. तिनं गाडी आत घेतली आणि वाकून मागचं चाक दाबून पाहिलं. "हवा कमी शे वाटस."

हवा! भिलाचा चेहरा पडला. "चुकनं, बेटा," तो म्हणाला. "मशीन मळामा शे. लाइट रातले शे. मन्ही चूक शे," आणि बोलता बोलता त्याचा एक हात टोपीकडे गेला आणि मग दोन्ही हात जवळ यायला लागले.

ममतानं पुढे होऊन ते दोन्ही हात धरले. घट्ट धरले. मी उठून जायला हवं होतं, पण पाय उचलला नाही.

"नका, आप्पा," ती म्हणाली. "ह्याच हात. मांगली आखाजीले ह्याच हात देखीसन मी गाडीमा बठनू. वरीसभर मन्हा डोयासमोर ह्याच हात व्हतात. मी उनू ते तुम्ही परत जोडशात. म्हणीसन मी येतच नव्हती."

भिलाला काही उमजेना. "मंग जवाईना राग?"

"त्यास्ले कसाना राग! त्यास्ले ते टायर यादबी नही."

आठ दिवस ओट्यावर सभा भरल्या. हॉर्स मोजले, फेज मोजल्या, काटे वेचले. फोन होता, पोरगी होती, आणि विचारायला पाच हॉर्स लागत नव्हते. मला माझ्या मुख्याध्यापकपणाची एवढी लाज कधी वाटली नव्हती. आतून गजराबाई आली, लेकीचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं आणि डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, कंप्रेसर लेवाले तुम्हीच सांगं व्हतं ना?"

भिलानं खिशात हात घातला. वर्षभर जपून ठेवलेला तो खिळा त्यानं लेकीच्या तळहातावर ठेवला. "हाऊ मन्हा गॅरेजना शे. मी लपाडा व्हता." ममतानं खिळ्याकडे पाहिलं, वर पत्र्याकडे पाहिलं आणि अशी खळाळून हसली की बाहेर झोक्यावरच्या पोरी थांबल्या. मग तिनं खुंटीवरचा पंप काढला, खाली ठेवला आणि डोक्याची ओढणी सोडून कमरेला बांधली. "आप्पा, तुम्ही नळी धरा." पंचवीस-तीस वेळा पाय दाबला आणि स्कूटीचं चाक भरलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ललितराव आले. पांढरी गाडी अंगणात लागली. आमरस-पोळी झाली. हात पुसत ते ओट्यावर आले, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि खिशातून मोबाइल काढला. "मामा, ऐकलं मी! पाच हॉर्सचा कंप्रेसर घेतलात म्हणे. एक नंबर! मग चारही चाकं बघून टाका जरा. मागचं डावं कमी वाटतंय."

गल्ली मागच्या वर्षीचीच होती. समोरच्या ओट्यावरची माणसंही तीच.  भिला खुर्चीसमोर उभा राहिला. त्याचे हात वर यायला लागले, एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणापुढे न आलेले हात, छातीपर्यंत आले. ममता दारात उभी होती.  भिलानं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग ते हात तिथूनच खाली आले, तो गॅरेजमध्ये गेला, आणि त्यानं पंप आणून गाडीच्या मागच्या चाकाजवळ ठेवला.

"जवाईबुवा," तो म्हणाला, "मशीन मळामा शे आणि लाइट रातले शे. हाऊ पंप शे. मी नळी धरस. तुम्ही पाय मारा."

ललितरावांनी मोबाइलमधून मान वर केली. आधी सासऱ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग बायकोकडे. ममता म्हणाली, "व्हई जास. काल मी करं." आता गल्लीसमोर नाही कसं म्हणणार? जावई उठला. मोबाइल खुर्चीवर ठेवला, पँट थोडी वर घेतली आणि पाय पंपावर ठेवला.

भिला टोपी सरळ करून चाकाजवळ उकिडवा बसला. तिसाव्या दाबाला ललितरावांच्या कपाळावर घाम आला. साठाव्याला त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि धापा टाकत विचारलं, "झालं का, मामा?"

भिलानं डायलकडे पाहिलं. घाई केली नाही. चेअरमनची अकरा मिनिटं लिहिली होती त्याच आवाजात तो म्हणाला, "आजून बारा पाउंड."